बातम्या बघताना सोबत कोणती वाईन घ्यावी?

तुम्ही विचारलंय की शनिवारी-रविवारी रात्री बातम्या बघताना एक ग्लास वाईन घ्यायची आहे, महाराष्ट्रातलीच हवी, पण दुकानात गेल्यावर काय मागायचं ते सुचत नाही. माझा सल्ला असा की बातमी बघून वाईन निवडा. मी नाशिकला राहतो, द्राक्षवाल्यांमध्ये ऊठबस आहे. इथे पावसाची, कराची, निवडणुकीची कुठलीही बातमी आली तरी ती फिरून बाटलीपर्यंत पोचतेच.

पावसाची बातमी असेल तर चेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन उघडा. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, आजवरच्या नोंदींत सगळ्यांत लवकर. शहरात लोक खूश झाले आणि इकडे बागायतदारांच्या पोटात गोळा आला. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत, पुढच्या हंगामाचे घड उन्हाळ्यातच धरत असतात. त्यासाठी लख्ख ऊन लागतं. त्याच दिवसांत आभाळ भरून राहिलं की नुकसान झालेलं कोणाला दिसतही नाही. ते कळतं गोडी छाटणीनंतर, जेव्हा फुटीवर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे दोऱ्यासारखा ताणा, निघते. पुढे फुलोऱ्यात पाऊस झाला तर डावणी हा बुरशीचा रोग आणि घडकूज, मण्यात साखर भरल्यावर झाला तर मणी तडकतात. जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होईपर्यंत इथल्या घरांत हवामानाचा अंदाज सगळ्यांत आधी बघितला जातो, राजकारण मागाहून.

वाईनचं द्राक्ष एकदा तरी वेलीवरून तोडून खाऊन बघा. बाजारातल्या थॉमसनसारखं ते लांबट आणि कुरकुरीत नसतं. शिराझ या लाल वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, काळानिळा, जाड सालीचा, आत बिया. चावल्यावर आधी भरपूर गोड लागतं, मग सालीचा तुरटपणा हिरड्यांवर रेंगाळतो. लाल वाईन सालीसकट आंबवतात म्हणून तो तुरटपणा बाटलीत उतरतो. पांढरीत रस आधीच पिळून साल बाजूला काढतात.

नवख्या माणसाला मी चेनिन सुचवतो ते याचसाठी. तुरटपणा नाही, किंचित गोडसर, फळाचा वास स्वच्छ. नाशिकच्याच सुला वायनरीची चेनिन ब्लाँ कुठेही मिळते. चांगली गार करून कांदाभजी, कोथिंबीर वडी, अगदी मिसळीबरोबरसुद्धा घ्या. तिखटाला तो गोडसरपणा सांभाळून घेतो. तुरट लाल वाईन मिसळीबरोबर घेतलीत तर जीभ दुप्पट भाजेल.

आयात शुल्काच्या बातम्यांसाठी सॉव्हिन्याँ ब्लाँ, हीसुद्धा पांढरीच. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी युरोपच्या वाईनवर २०० टक्के शुल्क लावण्याची धमकी दिली, तेव्हा जगभर गहजब झाला. आपल्या वाचकांना त्यात फार नवल वाटायला नको होतं, कारण परदेशी वाईनवर आपलं स्वतःचं मूळ शुल्क कित्येक वर्षं १५० टक्के होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे २९ डिसेंबर २०२२ पासून पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीसाठी ते १०० टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ५० वर यायचं आहे. स्कॉचचंही तसंच. जुलै २०२५ च्या ब्रिटनबरोबरच्या करारात १५० चे ७५ आणि दहा वर्षांनी ४० टक्के ठरले. इथले काही बागायतदार या बातम्यांनी धास्तावतात. मला मात्र स्पर्धा हवीशी वाटते. दोन-चार मित्र जमले की एक ऑस्ट्रेलियन आणि एक नाशिकची सॉव्हिन्याँ ब्लाँ आणा, बाटल्या कागदात गुंडाळा आणि न बघता चाखा. हिरव्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास दोन्हींत शोधा. नाशिकची बाटली ओळखू न आल्याने होणारा आनंद फार मोठा असतो! सोबत रव्यातली तळलेली सुरमई असली तर विचारायलाच नको.

राज्याच्या कराची बातमीही आपल्या कामाची आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतातच बनणाऱ्या व्हिस्की-रमसारख्या ‘विदेशी’ मद्याचं उत्पादन शुल्क बरंच वाढवलं, वाईन आणि बिअरला त्यातून वगळलं. त्यामुळे हजाराच्या आत चांगली बाटली अजून मिळते.

सुपरमार्केटमधल्या वाईनचा वाद पुन्हा निघाला तर शिराझ घ्या, कारण ती चर्चा लांबते. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या दुकानांत वाईन विकायला परवानगी दिली. संजय राऊत म्हणाले वाईन म्हणजे दारू नव्हे, भाजपने ‘मद्यराष्ट्र’ असा शब्द काढला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अंमलात आलाच नाही. माझं मत स्पष्ट आहे. वाईनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, तेव्हा ती दारूच. एकवीस वर्षांची अट आणि परवाना दोन्ही पाळावेत. पण छोट्या वायनरीला दुकानाच्या फळीवर जागा मिळाली असती, ती हुकली याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून त्यांच्या दारात जा. गंगापूर धरणाकडे यॉर्क आणि सोमा आहेत, इगतपुरीच्या बाजूला वालोने. वालोनेची मालबेक ही लाल वाईन मला फार आवडते. मटणाच्या सुक्क्याबरोबर ती किंवा शिराझ, दोन्ही शोभतात.

निवडणुकीचा हंगाम असेल तर आधीच तयारी ठेवा. मतदान संपण्याच्या ४८ तास आधीपासून दुकानं बंद होतात, मतमोजणीलाही ड्राय डे असतो. अशा वेळी मी अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते ही लाल वाईन आणून ठेवतो. या वायनरीच्या भागीदारीत इटालियन बंधूंबरोबर अकलूजचं राजकारणी मोहिते-पाटील घराणंही आहे, त्यामुळे सोलापूर जिल्ह्याचं राजकारण बघताना दुसरं काही सुचतच नाही. सान्जोवेसे आणि काबर्ने सॉव्हिन्याँ या दोन लाल द्राक्षांचं हे मिश्रण आहे. किंमत चढी आहे, पण निकालाच्या रात्री बाटली चार-पाच जणांत जाते आणि प्रत्येक पक्षाचा माणूस तिच्याबद्दल चांगलंच बोलतो.

आणि जिंकल्याची बातमी आली की फसफसती! २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिला विश्वचषक जिंकला, त्या रात्री आम्ही दिंडोरीची शॅन्डॉन ब्रूट उघडली. ही वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते, बुडबुडे तिथेच तयार होतात. स्मृती मानधना सांगलीची, म्हणजे द्राक्ष-बेदाण्याच्याच जिल्ह्यातली, त्यामुळे आमच्याकडे तर घरचंच कार्य होतं. अशी एक बाटली फ्रिजमध्ये कायम असू द्या, आनंदाची बातमी कळवून येत नाही.

आता थोडं वापरायचं. पांढरी आणि फसफसती पूर्ण गार हवी. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातली. आपल्याकडे मार्चनंतर लाल बाटलीही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो. ग्लास तिसरा हिस्साच भरा. उरलेली वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. त्याहून जास्त राहिली तर पांढरी कोलंबीच्या रश्शात आणि लाल मटण मुरवायला वापरून टाका. आठवड्याला एक-दोन ग्लास पुरतात, आणि त्यानंतर गाडी चालवायची नाही. पहिल्या शनिवारी चेनिन आणा, कोणती बातमी लागली होती तेही इथे खाली लिहा, पुढची बाटली त्यावरून ठरवू.