नाताळात आतून आनंदच होत नसेल तर?

तुम्ही विचारलंय की आई जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, घरात मुलांसाठी नाताळची तयारी करावी लागते, चर्चमध्ये जो तो "आनंद करा" म्हणतो आणि तुम्हाला मात्र आतून काहीच वाटत नाही. तुमचा विश्वास कमी पडतोय का?

नाही हो. पण एवढं म्हणून सोडून दिलं तर तुमचं समाधान होणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मी नगरची. छत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी बाळंतपणाच्या वॉर्डात. ख्रिस्ती सिस्टर म्हणजे हिला नाताळची सुटी मिळत असणार असं लोकांना वाटतं. आमच्याकडे निम्म्या सिस्टर ख्रिस्ती, मग सुटी द्यायची कुणाला? चिठ्ठ्या टाकायचो. माझं नशीब असं, की २४ डिसेंबरची रात्रपाळी मी कितीदा केली त्याचा हिशोब नाही. बाहेरून पेटी-तबल्याचा आवाज यायचा, नाताळच्या फेरीतली पोरं रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणत वस्तीतून फिरायची आणि मी इथे कळा मोजत बसलेली.

१९८७ सालच्या अशाच एका रात्री एक ऊसतोडणीची बाई आली. बीडकडची, कारखान्याच्या हंगामाला आलेली, वीस-एकवीस वर्षांची. बैलगाडीतून उसाच्या पाचटावर निजवून आणली होती. पहाटे तीनच्या सुमारास मुलगा झाला. बाळाचं म्हणून एक चिंधीही त्यांनी बरोबर आणली नव्हती, कारण दिवस अजून भरायचे होते. नवऱ्याने डोक्याचा पटका सोडून दिला. तो घामट, मग आयाबाईने स्वतःच्या पिशवीतून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला. मऊसूत झालेला, धुऊन धुऊन रंग गेलेला. तिरका घातला, वरचं टोक दुमडलं, त्यावर बाळ ठेवलं, एक बाजू छातीवरून घेऊन पाठीखाली खोचली, पायाकडचं टोक वर, मग दुसरी बाजू फिरवून घट्ट. हजार वेळा केलेलं काम. पण त्या रात्री हात थांबले. "बाळंत्याने गुंडाळले व गव्हाणीत ठेवले" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, संडेस्कूलच्या नाटकात प्लॅस्टिकची बाहुली गुंडाळून मरीयाही झाले होते. हे वाक्य बाळंत्याबद्दल आहे, खऱ्या कापडाबद्दल, हे मला तेव्हा समजलं. आणि हे पोर दोन दिवसांनी कोपीत, म्हणजे ऊसतोडणीवाल्यांच्या खोपटात, बैलांच्या शेजारीच निजणार होतं.

मुद्दा पुढे आहे. बाळ तिच्या कुशीत दिलं, तर ती हसली नाही. पोराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खाडा किती दिसाचा पडंल, सिस्टर?" खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली; आणि मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. ती पडून राहिली की अर्धा कोयता बंद. मग चहा मागितला. प्यायली आणि झोपली.

बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा, पहिल्या रात्री आईच्या चेहऱ्यावर आनंद असतोच असं नाही. थकवा असतो, भीती असते, कधीकधी काहीच नसतं. काही जणींना मायेचा पाझर महिनाभराने फुटतो. त्यांना आपण वाईट आया म्हणतो का?

घरी येऊन बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला. (तुम्हीही काढा, जन्माची गोष्ट पहिल्या वीस वचनांत आहे, दहा मिनिटं लागतात.) नावनिशीसाठी केलेला प्रवास, उतारशाळेत जागा नाही, रानात रात्रपाळी करणारे मेंढपाळ. देवदूताचे पहिले शब्द "आनंद करा" नाहीत, "भिऊ नका" आहेत. आनंदाची ती बातमी आहे. बातमी कुणीतरी आणून देतं, ती आपण आतून काढायची नसते. मेंढपाळ देवाचं गौरव करत परत गेले. आणि मरीया? पहिल्या अध्यायात गाणारी हीच मुलगी इथे एक शब्द बोलत नाही. त्या रात्री तिला आनंद झाला असं लूकने लिहिलेलंच नाही. तिने त्या गोष्टी मनात ठेवल्या, एवढंच लिहिलंय. चर्चमध्ये यावर प्रवचन मी तरी ऐकलेलं नाही. बहुधा प्रवचन करणाऱ्यांनी बाळंतिणी पाहिलेल्या नसतात.

आता तुमच्या दुःखाबद्दल. माझे वडील १९९३ च्या नोव्हेंबरात गेले. त्या वर्षी आमच्याकडे तळण नाही, दारात नाताळचा तारा नाही. दरवर्षी नाताळला करंज्या-चकल्यांचा डबा आम्ही शेजारच्या काकूंकडे द्यायचो आणि दिवाळीला त्यांचा आमच्याकडे यायचा. त्या वर्षी २४ तारखेला संध्याकाळी काकू डबा घेऊन आल्या. "तुमच्याकडे यंदा काही करणार नाही ना, म्हणून." दिवाळी होऊन महिना उलटला होता; बाईंनी आमच्या नाताळासाठी पुन्हा कढई चढवली होती. आईने एक करंजी खाल्ली आणि रडायला लागली. सारणात खसखस जास्त झाली होती, तेही तिने रडतारडता सांगितलं.

वसईची एक कॅथलिक मैत्रीण होस्टेलवर माझी रूममेट होती. तिच्याकडून कळलं की त्यांच्याकडे २८ डिसेंबरला, येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने मारलेल्या बाळांचा दिवस पाळतात. आमच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये तो पाळत नाहीत, पण मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ते आहेच, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि तिचं सांत्वन होत नाही. म्हणजे नाताळच्या तीनच दिवसांनंतर रडण्याला जागा ठेवलेली आहे. आणि सण २५ ला संपतही नाही, ६ जानेवारीपर्यंत चालतो. गोव्यात रेइश मागुशला त्या दिवशी मुलं बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे होऊन मिरवतात. तसंही २५ ही तारीख बायबलात कुठेच नाही. त्या दिवशी नाताळ पाळल्याची रोममधली पहिली नोंद इ.स. ३३६ सालची, त्यामुळे नेमक्या त्याच सकाळी आनंद व्हायला हवा असं स्वतःवर लादून घेऊ नका.

करायचंच असेल तर एक डिसेंबरपासून रोज लूकचा एक अध्याय वाचा. चोवीस अध्याय आहेत, बरोबर २४ तारखेला संपतात. शेवटचा अध्याय रिकाम्या कबरेचा आहे. आई गेलेल्या माणसाने गव्हाणीपाशी जाताना तो वाचून जावा असं मला वाटतं. मोठी गर्दीची उपासना सोसत नसेल तर पहाटेच्या उपासनेला मागच्या बाकावर बसा. गाणी म्हणवली नाहीत तर म्हणू नका, बाकीचे म्हणतातच. फराळ आईसारखा जमणार नाही, विकत आणा. आणि कुणी डबा घेऊन आलं तर "कशाला त्रास घेतलात" न म्हणता घ्या.

तारा लावावासा वाटत नसेल तर राहू द्या. आमच्याकडे त्या वर्षी तो ५ जानेवारीला लागला. आईनेच माळ्यावरून खोकं काढायला लावलं. बल्ब गेलेला होता, म्हणून काकूंच्या आकाशकंदिलातला काढून आणला.