फ्लेक्सवर विद्यापीठाचे नाव छापावे लागेल काय?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद व बेदाण्याच्या अडत्यांसाठी मी सौद्यांची नोंद ठेवून शेतकऱ्याची पट्टी छापून देणारे सॉफ्टवेअर तयार केले आहे. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या बीएसडी परवान्याच्या काही मुक्त लायब्रऱ्या (कोणालाही वापरता येणारे तयार कोड) वापरल्या असून, त्यांपैकी काहींच्या परवान्यात ‘जाहिरातीत मूळ कर्त्याचा उल्लेख करावा’ असे कलम आहे. हँडबिले छापून झाली आहेत, फ्लेक्स व्हायचा आहे. त्यांवर आणि प्रत्येक पट्टीवर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे नाव घालावे लागेल काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : पट्टीची काळजी सोडा. परवान्याच्या अटी प्रोग्रॅमच्या प्रतींना लागू होतात, प्रोग्रॅमने छापलेल्या हिशेबाला नव्हे.

जाहिरातीचे कलम मात्र नीट वाचायला हवे. मूळ बीएसडी परवान्यात चार कलमे होती आणि त्यांतील तिसरे हे जाहिरातीचे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २२ जुलै १९९९ रोजी ते मागे घेतल्यामुळे, ज्या फायलींवर केवळ विद्यापीठाचा कॉपीराइट आहे त्यांच्यापुरता तुमचा प्रश्न मिटला. अडचण इतरांची आहे. अनेकांनी तोच मजकूर उचलून विद्यापीठाच्या जागी स्वतःचे नाव घातले होते, आणि विद्यापीठाची माघार त्यांना बांधील नाही. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशी ७५ वेगवेगळी श्रेयवाक्ये मोजली होती. एवढी नावे घातली तर फ्लेक्सवर हळदीला जागा उरणार नाही. म्हणून प्रत्येक फाइलीच्या माथ्यावरचा मजकूर उघडून कॉपीराइट कोणाचा आणि कलमे किती, हे पाहावे.

कलम उरलेच असेल, तरी ते त्या लायब्ररीच्या वैशिष्ट्यांचा किंवा वापराचा उल्लेख असलेल्या जाहिरातींपुरतेच आहे. ‘हमाली, तोलाई वजा करून पट्टी तयार’ हे तुमचे स्वतःचे काम असल्याने, माझ्या मते, तेवढ्याने कलम लागू होत नाही. पण ‘तुमचा हिशेब एन्क्रिप्शनने सुरक्षित’ असे लिहिले आणि ते काम ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या मुक्त लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीकडून होत असेल, तर तिच्या परवान्यातील श्रेयवाक्य छापावेच लागते. ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ओपनएसएसएल अपाचे २.० या दुसऱ्या मुक्त परवान्याखाली आले आणि ती अट गेली. तेव्हा आवृत्ती बदलणे हाच सोपा मार्ग. शिवाय जाहिरातीचे कलम जीपीएल या आणखी एका मुक्त परवान्याशी जुळत नाही, त्यामुळे जीपीएलचा कोड त्याच प्रोग्रॅममध्ये मिसळला असल्यास वितरणापूर्वी एकाला रजा द्यावी लागेल.

उलट बाजूचा मोह अधिक धोक्याचा वाटतो. ‘अमेरिकन विद्यापीठाचे तंत्रज्ञान’ असे ठळक अक्षरांत छापले की अडत्यावर छाप पडेल, असे वाटणे साहजिक आहे. पण मूळ कर्त्याच्या नावाचा वापर लेखी परवानगीवाचून मालाच्या भलामणीसाठी करू नये, असे त्याच परवान्याचे पुढचे कलम आहे.

कॉपीराइटची सूचना, अटी आणि हमी नाकारणारा परिच्छेद मात्र प्रत्येक प्रतीबरोबर जायलाच हवा. पेनड्राइव्हवरून अडत्याच्या संगणकावर सॉफ्टवेअर चढवता, त्याच फोल्डरमध्ये सर्व परवान्यांची एक मजकूर-फाइल ठेवली की पुरे. अपाचेच्या लायब्ररीबरोबर ‘नोटिस’ नावाची फाइल आली असेल, तर तिच्यातील श्रेयनोंदीही तीत घ्याव्यात.

छापून झालेली हँडबिले तपासून पाहा. कलम लागू होत असेल, तर परवान्यात दिलेले वाक्य जसेच्या तसे कोरलेला रबरी शिक्का तळाशी मारला तरी चालेल.