कोकणात रानात आणि किनाऱ्यावर वापरायला छोटी स्कँडिनेव्हियन सुरी कोणती घ्यावी?

तुम्ही गुहागरकडचे, मित्रांबरोबर किनाऱ्यावर आणि वर घाटात मुक्कामाला जाता, घरी कोयता आहे, पण बारीक कामासाठी एक छोटी स्वीडिश किंवा फिनिश धाटणीची सुरी घ्यायची म्हणता. कार्बन की स्टेनलेस, जाड की पातळ, पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असावं का, आणि बारा वर्षांच्या पुतण्याच्या हातात ती देता येईल का, हे तुमचे प्रश्न.

आधी थेट उत्तर देतो. पातळ, स्टेनलेस, साधारण दहा सेंटिमीटर पात्याची, रबरी मुठीची आणि प्लास्टिकच्या म्यानाची सुरी घ्या. नावच हवं असेल तर मोरा या स्वीडिश कंपनीची कंपॅनियन, स्टेनलेसवाली. मी सिंधुदुर्गात राहतो आणि हीच वापरतो. इंटरनेटवर या विषयावर मिळणारे बहुतेक सल्ले थंड आणि कोरड्या हवेतल्या लोकांचे असतात. आपल्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस आणि घामट हात. तिथलं शहाणपण इथे जसंच्या तसं चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे कोयता आहे, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. परदेशात लोक जाडजूड, पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेल्या सुऱ्या घेतात, कारण त्यांना एकाच हत्याराने ओंडका फोडायचा असतो, फांदी तोडायची असते आणि त्यानेच भाजीही चिरायची असते. सुरी लाकडावर ठेवून तिच्या पाठीवर दांडक्याने ठोकत लाकूड फोडायचं, हे त्यांचं आवडतं काम. आपल्या गावात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून फिरणारा माणूस हेच काम दोन घावांत करतो. मग फोडाफोडीची ताकद सुरीत कशाला विकत घ्यायची? सुरी जाड झाली की ती तासायला जड जाते, कांदा चिरताना कापण्याऐवजी फोडते आणि बांगडा साफ करताना पोटात सरळ शिरत नाही. जड काम कोयत्याचं, नाजूक काम सुरीचं, अशी वाटणी करा, म्हणजे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

म्हणूनच त्याच कंपनीची गारबर्ग घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती उत्तम आहे, पातं ३.२ मिलिमीटर जाड आहे आणि मुठीतून आरपार जातं, पण किंमत कंपॅनियनच्या कितीतरी पट. कंपॅनियनचं पातं अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्याच मालिकेत ‘हेवी ड्यूटी’ नावाची जाड सुरीही आहे. मागवताना नाव नीट वाचा, फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. पातं मुठीत अर्धवट गेलेलं असेल तर मोडेल ही भीती तासकामापुरती तरी सोडून द्या. नॉर्डिक देशांतल्या पारंपरिक सुऱ्यांमध्ये पात्याची निमुळती शेपटीच मुठीत जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांच्यावर काम करत आले आहेत.

आता या सुऱ्यांचं खरं वैशिष्ट्य. आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीला पात्याच्या बाजू थोड्या निमुळत्या होत येतात आणि अगदी काठाला वेगळी, बारीक धार असते. स्कँडिनेव्हियन सुरीत पातं बरंचसं सरळ खाली येतं आणि मग दोन्ही बाजूंनी एकच रुंद, सपाट उतार थेट धारेला मिळतो. सुताराच्या पटाशीला जसा एका बाजूने उतार असतो, तसा इथे दोन बाजूंनी. याचा फायदा हातात घेतल्यावर कळतो. उतार लाकडावर टेकवला की तो स्वतःच कोन धरून ठेवतो, पातं खोल घुसत नाही आणि वरही निसटत नाही. हवी तेवढी जाड किंवा कागदासारखी पातळ ढलपी निघते.

पावसाळ्यात याची किंमत समजते. जूनपासून रानातलं सगळं लाकूड वरून भिजलेलं असतं. कोयत्याने मनगटाएवढी वाळकी फांदी उभी चिरा, आतला कोरडा गाभा काढा आणि त्याची बोटाएवढी काडी घेऊन सुरीने टोकाकडे तासत न्या. ढलप्या तोडायच्या नाहीत, काडीलाच चिकटून ठेवायच्या. टोकाला कुरळ्या ढलप्यांचा झुबका तयार झाला की तो काडेपेटीच्या एका काडीने पेटतो. सोबत घरून नारळाचं वाळकं सोडण पिशवीत बांधून न्या, त्याचे धागे पिंजून खाली घातले की काम सोपं होतं. फेरो रॉडवर (घासल्यावर ठिणग्या उडवणारी धातूची कांडी) ठिणग्या पाडायला मात्र कंपॅनियनची पाठ तशी कामाची नाही, कारण ती गोलसर आहे. हवं तर पाठीचा इंचभर भाग दगडावर घासून काटकोनी करून घ्या. पावसात मी लायटरच नेतो, तोही दोन पिशव्यांत गुंडाळून.

कार्बन की स्टेनलेस यावर परदेशी लोक तासन्‌तास भांडतात. कोकणच्या पट्टीसाठी मला यात वादच दिसत नाही. कार्बन पोलाद दगडावर लवकर पाजवता येतं, धारही छान येते, पण किनाऱ्यावर एक रात्र तंबूत उघडं राहिलं तर सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. कैरी, कोकम, चिंच कापली की पातं काळं पडतं आणि कापलेल्या फोडीलाही लोखंडाची चव येते. घाटमाथ्यावर राहणाऱ्याने कार्बन खुशाल घ्यावं आणि रोज तेलाचा हात फिरवावा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने स्टेनलेसच घ्यावं.

मोराच्या स्टेनलेस सुऱ्यांत बहुधा १२सी२७ हे स्वीडिश पोलाद असतं. त्यात कार्बन साधारण ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के. धार धरण्याइतकं कडक, तरी घरच्या दगडावर सहज पाजवता येईल असं. गारबर्गच्या स्टेनलेस सुरीत १४सी२८एन वापरतात. त्यात थोडा नायट्रोजन मिसळल्यामुळे ते गंजाला आणखी दाद देत नाही. पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं, असं समजू नका. समुद्राचं पाणी पात्यावर सुकलं की मीठ तिथे बसून राहतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. मासे साफ केल्यावर खाऱ्या पाण्यात धुऊन तशीच म्यानात घालणं हा सुरी घालवण्याचा हमखास मार्ग आहे. प्यायच्या पाण्यातले दोन घोट तिच्यावर ओता, फडक्याने कोरडी करा, घरी आल्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. बस्स.

म्यानाबद्दल सहसा कुणी बोलत नाही, पण आपल्याकडे ते पात्याइतकंच महत्त्वाचं. फिनलंडच्या रोव्हानिएमीतल्या मार्टिनीच्या सुऱ्या (१९२८ पासून बनवतात) किंवा नॉर्वेतल्या हेलेच्या सुऱ्या बघितल्यात तर मोह पडेल. बर्चच्या लाकडाची गुळगुळीत मूठ, चामड्याचं म्यान. हेलेच्या तर बऱ्याच सुऱ्यांत मधे कडक आणि दोन्ही बाजूंना मऊ असा तीन थरांचा पत्रा असतो. देखणं काम आहे. पण जुलैत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याची काय गत होते ते तुम्हाला सांगायला नको. पांढरी बुरशी येते, चामडं ओल धरतं आणि ती ओल थेट पात्याला देतं. अशी सुरी घ्यायचीच असेल तर पावसाळ्यात म्यान वेगळं, सुरी वेगळी ठेवा. मोराच्या प्लास्टिकच्या म्यानाला खाली भोक असतं, पाणी निथळून जातं, आत चिखल गेला तर नळाखाली धरलं की साफ. दिसायला काही नाही, पण कोकणात तेच टिकतं.

मुठीचंही तसंच. पारंपरिक फिनिश सुरीला मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडवणारा उंचवटा नसतो. लाकूड तासताना तो अडचणच करतो, त्यामुळे तिथे ते बरोबर आहे. पण माशाच्या खवल्यांनी आणि रक्ताने बुळबुळीत झालेल्या हातात तशी मूठ धरली तर बोटं पुढे सरकून धारेवर जातात. कंपॅनियनची मूठ रबरी आहे आणि पुढे छोटासा उंचवटा आहे. मासे तुमच्या यादीत असतील तर तो हवाच. मात्र खडकावरची कालवं काढायला हे टोक वापरू नका, मोडेल. त्याला घरचं जाड, बोथट हत्यार बरं.

धार लावण्याकडे मन लावून लक्ष द्या. या सुरीचं निम्मं मोल त्यातच आहे. दगडावर पाणी मारा, रुंद उतार पूर्ण सपाट टेकवा, धारेच्या मागे बोटाने हलका दाब द्या आणि पुढे ढकला. कोन मोजायचा नाही, उतारच तुम्हाला कोन सांगतो. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूच्या काठाला बोट लावल्यावर धातूची बारीक कड अडकल्यासारखी लागत नाही. मग बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं मागे ओढत दोन्ही बाजूंनी फिरवा, ती कड निघून जाते. हजार नंबरचा एक सपाट दगड पुरेसा आहे. परड्यातल्या दगडी पायरीवर कोयता लावतो तिथे ही सुरी लावू नका. तो दगड मधे खोल गेलेला असतो आणि सपाट उतार त्यावर गोल होऊन जातो. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर तर मुळीच नको. कोरड्या चाकावर पातळ काठ क्षणात तापतो, निळा पडतो आणि पात्याचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. मग ती धार कितीही लावली तरी टिकत नाही.

आणखी एक गोष्ट परदेशी माहितीत सापडत नाही. ही सुरी बर्च आणि पाइनच्या देशातली आहे. ते लाकूड आपल्या ऐन-खैराच्या मानाने मऊ. वाळका खैर किंवा बांबूचं पेर तासायला घेतलं की त्या बारीक धारेच्या काठाला सूक्ष्म दाते पडतात. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती तर कुठल्याही धारेची शत्रू. उपाय सोपा आहे. सगळी धार लावून झाल्यावर सुरी दगडावर किंचित उचलून, अगदी हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी दोन-तीनदा फिरवा. काठाला केसाएवढा दुसरा उतार येतो. तासण्याचा गुळगुळीतपणा थोडा कमी होतो, पण धार कडक लाकडातही तग धरते. मी तरी आता त्याशिवाय सुरी बाहेर नेत नाही.

हाताच्या सवयीबद्दल आवर्जून सांगतो. आपण विळीवर वाढलेली माणसं. विळीत पातं जागेवर असतं आणि आपण वस्तू त्याच्याकडे नेतो. सुरीत वस्तू जागेवर आणि पातं हलतं. सवयीने बरेच जण सुरी अंगाकडे ओढतात किंवा काडी मांडीवर धरून तासतात. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, रानात तिथे लागलं तर दवाखाना गाठेपर्यंत वेळ हाताशी नसतो. बसून काम करताना कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि सुरी गुडघ्यांच्या पुढे, अंगापासून दूर चालवा. हातभर अंतरात दुसरं कुणी नको.

कायद्याचं थोडक्यात. शस्त्र नियम २०१६ मध्ये धारदार हत्यारांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, त्यातही घरगुती आणि शेतीकामाच्या वगळून. तुमची चार इंची सुरी त्यात बसत नाही. पण सणासुदीला, निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुऱ्याही असतात. तेव्हा बाजारात, एसटीत, रेल्वेत ती कमरेला लावून फिरू नका, पिशवीत तळाशी ठेवा. आणि अभयारण्य असेल, मग ते मुरुडजवळचं फणसाड असो की वर कोयना, तिथे लेखी परवानगीशिवाय सुरी नेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये हत्याराच्या व्याख्येतच सुरीचं नाव आहे. तिथे ओली-सुकी काठी तोडणंही नको.

राहिला पुतण्या. बारा वर्षं हे सुरी शिकायला योग्य वय आहे, फक्त तुम्ही शेजारी बसलेले असायला हवं. मोराच्याच ‘रूकी’ आणि ‘सेफ’ या सुऱ्यांचं टोक गोल केलेलं असतं, त्यातली एक त्याला घ्या. पहिलं लाकूड पांगाऱ्याचं द्या. मऊ असतं, सरळ तासलं जातं, सावंतवाडीची लाकडी खेळणी पूर्वी त्याचीच बनत. आधी त्याला काडीची साल काढू द्या, मग तंबूची खुंटी, मग पिठलं ढवळायचा चपटा कालथा. धार मात्र पहिल्या दिवसापासून चांगली ठेवा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना ती निसटली की बोटावरच येते.