तिखटातला रंग आणि हातात उरलेले सहा दिवस

भिवापूर भागातील एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा लिहितात की, गटाच्या तिखटात ‘तेलात विरघळणारा कृत्रिम रंग आढळला, असुरक्षित’ असा अन्न विश्लेषकाचा अहवाल टपालाने आला आहे. गटाने रंग घातलेला नाही. मात्र मिरची कमी पडल्याने दोन पोती तयार तिखट ठोक व्यापाऱ्याकडून घेऊन मिसळले होते. मिठाईत चालणारा रंग तिखटात का चालत नाही, असेही त्या विचारतात.

ताई, रंग कोणी घातला हा वाद तूर्त बाजूला ठेवा. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 46(4) खालील अपील अहवाल हाती पडल्यापासून 30 दिवसांत करावे लागते. तुम्ही पाठवलेल्या पाकिटाच्या छायाचित्रावर टपालवाल्याने बॉलपेनने घातलेली तारीख पाहता त्यांतले 24 दिवस गेले. एवढे दिवस अहवाल ठरावाच्या वहीत दुमडून ठेवण्याचे कारण मला समजले नाही. खटला वर्षानुवर्षे रेंगाळेल, पण ही मुदत थांबणार नाही, आणि उशीर माफ होईलच असे धरून चालू नका.

‘नमुना 8’ या ठरलेल्या अर्जात पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे, अपील द्या आणि तपासणीसाठी घेतलेल्या तिखटाचा राखीव भाग रेफरल (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेकडे पाठवण्याची स्पष्ट मागणी करा. तिखटाचा नमुना घेतेवेळी त्याच्या चार भागांपैकी चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा हक्क तुम्हाला होता. तिथे ‘गरज नाही’ लिहून सही केल्याने ती वाट बंद झाली. अपिलात एक मुद्दा ठासून मांडा: मिरचीचा स्वतःचा रंगही तेलातच विरघळतो, तेव्हा नेमका कोणता रंग, कोणत्या पद्धतीने सापडला, हे अहवालात लिहिले आहे का?

मिठाईचे म्हणाल, तर कायदा पदार्थागणिक परवानगी देतो. लोणच्यात बुरशी रोखणारे बेंझोएट मर्यादेत चालते, ठरावीक मिठायांत ठरावीक रंग चालतात. मिरची पावडरीत मात्र बाहेरचा कोणताही रंग चालत नाही, फक्त लेबलावर नोंदवून 2 टक्क्यांपर्यंत खाद्यतेल चालते. तिखटाच्या भेसळीत सापडणारा, तेलात विरघळणारा ‘सुदान’ हा रंग तर मेण आणि पॉलिशचा औद्योगिक रंग आहे, त्यामुळे ‘थोडाच होता’ हा बचाव होत नाही.

कलम 80 खाली योग्य दक्षता घेतल्याचा बचाव मिळू शकतो, परंतु तो दोन पोत्यांच्या पक्क्या बिलावर अवलंबून राहील. कच्च्या चिठ्ठीवर तो कितपत टिकेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्याच अपील दाखल करून आवक क्रमांकाची पोच घ्या, आणि ते पाकीट फेकू नका.