वाचकांचे प्रश्न : लाकडाचा दगड शोधायला निघताना

प्रश्न : ताई, मी शिरपूर तालुक्यातला. बी.एस्सी. झाल्यावर घरची केळी-कपाशी बघतो. मे महिन्यात बहिणीकडे अमेरिकेत, सिअ‍ॅटलला जाणार आहे. तिथे सरकारी जमिनीवर कोणीही जाऊन दगड झालेलं लाकूड खणून आणू शकतो, असं दाजी सांगतात. तुम्ही लेकीकडे गेला होता तेव्हा तिथे खणलंय, हे या सदरात वाचलं होतं. नवख्याने सुरुवात कशी करायची? काय सोबत घ्यायचं? आणि असं आपल्या सातपुड्यात करता येईल का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : भाऊ, दाजींचं म्हणणं खरं आहे. पण त्याला हद्द आहे आणि ती आधी समजून घे. अमेरिकेत १९६२ साली कायदा झाला आणि सरकारी जमिनीवरचं अश्मीभूत लाकूड हौसेपुरतं फुकट नेण्याची मुभा मिळाली. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे खातं ज्या जमिनी सांभाळतं तिथे माणशी दिवसाला २५ पौंड, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलो, आणि वर एक तुकडा नेता येतो. वर्षाला एकूण २५० पौंड. विकायचं नाही, मोबदल्यात द्यायचं नाही. यंत्र नाही, सुरुंग नाही. चार जणांनी आपापला वाटा एकत्र करून अडीचशे पौंडांवरचा ओंडका उचलायचा, हेही चालत नाही. हाडांची गोष्ट वेगळी. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्याचा अवशेष दिसला तर हात लावायचा नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि राज्याची उद्यानं यांत तर लाकडाची ढलपीसुद्धा उचलायची नाही. त्यामुळे निघण्याआधी नकाशावर जमीन कोणाची आहे ते बघ. तिथे सरकारी, खासगी आणि लष्करी जमिनी एकमेकींना लागून असतात आणि मध्ये कुंपण असेलच असं नाही.

मी गेले होते सॅडल माउंटन्सला. तूही तिथेच जा, कारण खान्देशातल्या माणसाला ती जागा चटकन कळते. सिअ‍ॅटलहून पूर्वेला निघालं की कॅस्केड पर्वत ओलांडेपर्यंत सगळं हिरवंगार, ओलं. पलीकडे उतरलं की पाऊस संपतो. झुडपं, धूळ, वारा. व्हँटेज नावाच्या गावाशी कोलंबिया नदीचा पूल लागतो आणि दोन्ही काठांवर काळ्या कातळाच्या पायऱ्या उभ्या राहतात. लळिंगच्या किल्ल्याकडे बघताना डोंगराला जसे आडवे पट्टे दिसतात, अगदी तसे. लेकीला म्हटलं, गाडी थांबव, हे तर आपलंच रान आहे.

आणि ते खरंच आपल्या जातीचं रान आहे. तोही बेसाल्ट, हाही बेसाल्ट. जमिनीला भेगा पडून लाव्हा पुरासारखा पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आणि पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. कोलंबियाचा त्या मानाने तरुण, बराचसा दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा, आणि दोन लाख चौरस किलोमीटरच्या घरातला. दोन थरांच्या मध्ये मात्र मोठा काळ गेला होता. त्या काळात तळी साठली, जंगलं वाढली, झाडं उन्मळून पाण्यात पडली, गाळात रुतली. मग वरून पुढचा लाव्हा आला. उघड्यावरचं लाकूड जळून गेलं. पाण्याने आणि गाळाने झाकलेलं राहिलं. राखेतली आणि कातळातली सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य, भूजलात विरघळून त्या लाकडाच्या पेशीपेशीत शिरली आणि तिथेच घट्ट झाली. म्हणून वर्षांची वलयंसुद्धा जशीच्या तशी दिसतात.

एवढं डोक्यात असलं की कुठे खणायचं हे आपोआप समजतं. कातळात नाही, कातळाखालच्या मऊ थरात.

डोंगराकडे जाण्याआधी व्हँटेजलाच जिंको पेट्रिफाइड फॉरेस्ट हे राज्य उद्यान आहे, तिथे थांब. १९३० च्या दशकात जॉर्ज बेक नावाच्या भूविज्ञानाच्या प्राध्यापकांनी ही जागा अभ्यासली आणि पुढे ती राखली गेली. पन्नासच्या वर जातींची झाडं तिथे ओळखली गेली आहेत. एल्म, मेपल, अक्रोड, ओक, आणि जिंको. तिथे काही उचलायचं नाही, फक्त डोळे भरून बघायचं. कापून घासलेला तुकडा शेजारी आणि न घासलेला ओंडका पलीकडे असा मांडलेला असला की मातीतला मळका दगड ओळखायला नजर तयार होते. नवख्याने हा थांबा चुकवू नये, असं मला मनापासून वाटतं. फावड्याच्या आधी नजर लागते.

मग सॅडल माउंटन्सचा डोंगर. मॅटावा गावाकडून कच्चा रस्ता वर जातो. धारेवर काळ्या कातळाची कड आहे आणि तिच्या पायथ्याशी फिकट मातीचा थर. लोकांनी खणलेले जुने खड्डे दिसतील. आधी खणू नकोस. उतारावर खाली बघत चाल. पावसाने आणि वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक चिपा सापडतात. बाहेरून पांढरट, मोडलेल्या बाजूला तपकिरी, चुलीशी रचून ठेवलेल्या सरपणाच्या ढलप्यांसारख्या. जिथे चिपा दाट होतात तिथून सरळ वर चढत जा. जिथे त्या एकदम थांबतात त्याच्या जरा वर तुझा थर असतो.

मी तिथे गुडघे टेकून बसले. सुरुवातीला बराच वेळ नुसती माती निघत होती. मग टिकावाचा आवाज बदलला. मातीत घाव बसला की धप होतं, बेसाल्टच्या गोट्यावर ठण्ण वाजतं आणि लाकडाच्या दगडावर काचेसारखा बारीक, उंच आवाज येतो. तो एकदा कानात बसला की विसरत नाही. आवाज आल्याबरोबर टिकाव बाजूला ठेवायचा. तिथून पुढे स्क्रू ड्रायव्हर, ब्रश आणि बोटं. लाकूड सिलिकेचं आहे, कठीण आहे, पण ठिसूळ आहे. पहार घालून उचकटलं की उभ्या धारेत चिरतं. चारही बाजूंनी माती मोकळी करायची, खालून हात घालायचा आणि ते सुटेल तेव्हाच उचलायचं. माझ्या हातात आली ती एक फांदी. मनगटाएवढी जाड, एका बाजूला गाठ. पाण्याने भिजवली आणि वलयं वर आली. कुठल्याशा ओल्या वर्षी ते झाड जोमाने वाढलं होतं, पुढच्या वर्षांत आखडलं होतं. मी आयुष्यभर अमळनेरला शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर भूस्तर काढले. पण लाव्हाच्या आधीचा पाऊसकाळ हातात धरण्याचा तो अनुभव मला कुठल्या पुस्तकाने दिला नव्हता.

सोबत काय न्यायचं : हातात मावेल एवढा टिकाव, आखूड दांड्याचं फावडं, ब्रश, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं, मार्कर, वही. पाणी तुला वाटतं त्याच्या दुप्पट. वर दुकान नाही, सावली नाही, फोन लागेलच असं नाही. मे महिना चांगला, जुलैत ऊन आपल्या जळगावची आठवण करून देतं. रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, दगडाखाली न बघता हात घालू नको. आणि एक गोष्ट बजावून सांगते. काही लोक कातळाच्या कडेखाली बोगदा करत आत जातात. वरचा कातळ भेगाळलेला असतो, तो खाली बसतो. डोकं कधीही कडेच्या खाली घालायचं नाही, मग आत कितीही मोठा ओंडका दिसो. निघताना खड्डा बुजवायचा. तिथे गुरं चरतात, हरणं फिरतात.

घरी आणायचं तर विमानाची बॅग साधारण २३ किलोची असते, त्यात बहिणीने दिलेला खाऊही येणार. दोन चांगले तुकडे आण. बाकीचे बघून तिथेच ठेव.

आता सातपुडा. नाही, भाऊ. तिथलं हे आपल्याकडे करता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात जंगलातून निघालेला दगड आणि खनिजसुद्धा वनोपज धरलं आहे. राखीव वनात खोदणं गुन्हा आहे. तुझ्या तालुक्यात अनेर अभयारण्य, पलीकडे यावल, तिथे तर नियम आणखी कडक. गायरान आणि नदीपात्र सरकारी, तिथल्या खोदकामाला महसूल खात्याची परवानगी लागते. मला ही बंदी जाचक वाटत नाही. अमेरिकेत ओसाड जमिनीला अंत नाही. आपल्या डोंगरात माणसं राहतात, आणि वनहक्काच्या चार एकरांसाठी त्यांनी किती खेटे घातले ते मी पाहिलंय. तिथे आपण हौशी लोकांनी टिकाव घेऊन जाणं बरं नव्हे.

पण बघायला बंदी नाही. आपल्याकडेही दोन लाव्हांच्या मधले थर आहेत, त्यांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. त्यातल्या वनस्पतींचा अभ्यास बिरबल सहानी या वनस्पती-जीवाश्मांच्या शास्त्रज्ञांनी केला. लखनौला त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेची कोनशिलासुद्धा जीवाश्म बसवून केलेली आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ इथे याच काळातली ताडांची जंगलं दगड होऊन पडली आहेत. राज्यात बघायचं तर गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमचं जीवाश्म उद्यान आहे, तिथलं लाकूड आपल्या कातळापेक्षा जुनं. शिरपूरच्या सपाटीवर शोधू नको, तिथे तापीचा गाळच शेकडो फूट आहे, कातळ खोल दडलाय. तापीच्या दक्षिणेला, साक्री-पारोळ्याकडे, रस्त्यासाठी फोडलेल्या डोंगराच्या कडा बघ. काळ्या कातळात मध्येच तांबडा, राखाडी किंवा हिरवट मऊ पट्टा दिसला की थांब, फोटो काढ, जागा लिहून ठेव.

प्रश्न : ताई, आमच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. सुरुंगानंतर यारीने मलबा वर आला त्यात हातभर लांबीचा दगड निघाला, हुबेहूब लाकडासारखा. सासरे म्हणतात देवाचा आहे, मारुतीच्या पारावर ठेवून शेंदूर लावू. हे खरंच लाकूड असेल का?
— एक वाचक भगिनी, पारोळा तालुका

उत्तर : वहिनी, लाकडासारख्या दिसणाऱ्या प्रत्येक दगडाचं लाकूड नसतं, आणि आपल्या विहिरींत फसवणारे दगड बरेच निघतात. पांढऱ्या सुयांचे जुडगे असलेला असेल तर तो झिओलाइट. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत तो भरपूर सापडतो. लिंबू पिळल्यावर फसफसला तर कॅल्साइट किंवा चुनखडी. गाळाच्या जमिनीत मुळांभोवती चुना साचून नळीसारखे खडे होतात, तेही लोक लाकूड म्हणून दाखवतात. पट्टे असलेली गारगोटीही फसवते. तिचे पट्टे पोकळीच्या आकाराने वळतात, लाकडाची वलयं गाभ्याभोवती फिरतात.

मोडलेली बाजू धुवा, ओलीच असताना उन्हात धरा आणि मुलांच्या भिंगातून बघा. एका दिशेने जाणारे तंतू, त्यांना आडव्या जाणाऱ्या बारीक रेघा, टोकाला छिद्रांची रांग, असं दिसलं तर आशा धरा. वलयं नाहीत पण ठिपकेच ठिपके दिसतात, तर ताडाच्या कुळातलं असू शकतं, ताडाला वलयं नसतातच. चाकूने ओरखडा उठत नाही आणि दगडाने मात्र काच ओरखडली जाते, म्हणजे सिलिका आहे.

सासऱ्यांना दुखवू नका. त्या दगडाला हात जोडावेसे वाटणं मला समजतं. त्यांना एवढंच विचारा, की तेल-शेंदूर लावण्याआधी मुठीएवढा तुकडा बाजूला काढू का. शेंदराने छिद्रं बुजली की भिंगातून काही दिसत नाही. तो तुकडा आणि फोटो घेऊन जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञानाच्या विभागात जा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपूरला आहे, तिकडेही पाठवता येईल. आणि आजच, विसरायच्या आत, यारीवाल्याला विचारा : किती हातांवर असताना हा निघाला? वर कसला दगड होता, खाली कसला? काळा कातळ की मुरूम, की मऊ माती? पुढचा सुरुंग लागला की हे सांगणारं कोणी उरणार नाही.

प्रश्न : असा दगड विकला तर किंमत किती येते?
— जळगाव

उत्तर : किंमत मी सांगणार नाही. अ‍ॅरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून लोकांनी खिशात घालून नेलेले तुकडे नंतर क्षमापत्रांसह टपालाने परत येतात. उद्यानवाले ते रानात परत ठेवू शकत नाहीत, कारण कुठला तुकडा कुठल्या जागेचा हे कोणाला माहीत नसतं. त्यांचा एक वेगळाच ढीग साठला आहे. तुमच्याकडचा दगड अजून त्या ढिगात गेलेला नाही. तो कोणाच्या शेतातून, किती खोलीवरून, कोणत्या महिन्यात निघाला हे एका कागदावर लिहा, कागद दगडासोबत बांधा आणि मला फोटो पाठवा. पत्ता सदराच्या खाली आहे.