परदेशातल्या गरीब मुलाला ख्रिश्चन संस्थेमार्फत स्पॉन्सर करावं का?

तुम्ही विचारलंय की डॅलसला ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिच्या चर्चमधून युगांडातल्या सात वर्षांच्या मुलीचं कार्ड आणून दिलंय, महिन्याला चाळीसेक डॉलर द्यायचेत, आणि ठाण्याचा भाऊ म्हणतोय हा सगळा धर्मांतराचा पैसा, द्यायचेच तर इकडच्या एखाद्या पोराला दे. तर काय करावं?

द्या. तसल्या कार्डावर एके काळी माझा फोटो होता, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

मी सोलापूरची. आई विड्या वळायची. पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. दिवसभरात हजार झाल्या तर मजुरी नीट पडायची. संध्याकाळी कारखान्यात तपासणारा माणूस त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. बाबा यंत्रमागावर होते, पुढे छातीच्या दुखण्याने घरीच बसले. वस्तीजवळच्या चर्चमध्ये एका परदेशी संस्थेचं केंद्र सुरू झालं तेव्हा मी तिसरीत होते. बारा वर्षांपर्यंतचीच मुलं घ्यायची आणि एका घरातलं एकच, असा तिथला नियम. ताईला तेरावं संपत आलेलं. मला गणवेश, वह्या, शनिवारचं जेवण, वर्षाला डॉक्टरची तपासणी मिळाली. ताई त्याच वर्षी शाळा सोडून आईशेजारी मांडीवर सूप घेऊन बसली.

पुढे नोकरीला लागल्यावर वाचनात आलं की अर्थतज्ज्ञांनी नेमकी अशीच भावंडं शोधून अभ्यास केलाय. ब्रूस वायडिक, पॉल ग्लेवी आणि लेन रटलेज यांनी कंपॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या स्पॉन्सरशिप कार्यक्रमातून मोठी झालेली माणसं आणि वयाच्या अटीमुळे बाहेर राहिलेली त्यांची भावंडं यांची तुलना केली. भारत, युगांडा, केनिया, फिलिपिन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया असे सहा देश, 10,144 माणसं. 2013 मध्ये जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमीत ते छापून आलं. स्पॉन्सर झालेली मुलं सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली, माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण 12 ते 18 टक्के अंकांनी वाढलं, मोठेपणी पगाराची, टेबलावरची नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. तक्ते वाचताना मला आमचंच घर दिसत होतं. मी पुण्यात हिशेब तपासणीच्या ऑफिसात आहे, ताईची बोटं आजही तंबाखूने पिवळी आहेत. आमच्यात ताई जास्त हुशार होती. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, शाळेतल्या बाईही तेच म्हणायच्या.

आता धर्माचं. केंद्रात बायबलच्या गोष्टी सांगायचे, प्रार्थना म्हणून घ्यायचे, नाताळचं नाटक असायचं. प्रभूची प्रार्थना मला अजून तोंडपाठ आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. घरातल्या कुणी धर्म बदलला नाही. आई आजही रूपाभवानीला जाते, गड्ड्याची जत्रा आमच्या घरात कधी चुकली नाही. माझ्या एका मैत्रिणीने मात्र पुढे सज्ञान झाल्यावर बाप्तिस्मा घेतला, तिच्या घरी त्यावरून बरंच झालं. म्हणजे असं होतच नाही, असं मी म्हणणार नाही.

पण माझ्या काकांनी एका साखरपुड्यात, पंगत बसलेली असताना, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिची पोरगी बिस्किटाच्या पुड्यावर बाटली." मी तेव्हा बारावीला होते. आई वाढत होती. वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "भाऊजी, क्लासची फी आणि पुस्तकं जूनमध्ये घ्यायचीत. तुम्ही भरा, मी उद्यापासून तिला तिकडे पाठवत नाही." काका म्हणाले, बघू. जून आला, फी केंद्राने भरली. काकांचं स्वतःचं घर होतं, पक्की नोकरी होती, आणि आमच्या धर्माची काळजी त्यांना त्यानंतरही बरीच वर्षं होती. त्यांचं वय आता झालंय, तब्येत बरी नसते, पण एवढं मला लिहायचंच होतं.

म्हणून तुमच्या भावाला एकच विचारा, इकडच्या कुठल्या पोराचा खर्च तो सध्या करतोय? करत असेल तर त्याचं ऐका, त्या पोरालाही द्या. आपल्याकडे शाळांमध्ये गरीब मुलींसाठी सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना आहे, जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटलं की कळतं. भाऊ करत नसेल, तर त्याच्या बोलण्यापायी त्या मुलीचे पैसे अडवू नका.

आणि युगांडाबद्दल बोलताना धर्मांतराची भीती तशीही जागेवर बसत नाही. तिथले ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत, कॅथलिक आणि अँग्लिकन मिळूनच दोन तृतीयांशाच्या आसपास. प्राथमिक शिक्षण 1997 पासून फुकट केलंय, तरी गणवेश, वह्या, परीक्षा असे खर्च घरावर येतातच आणि तिथेच मुलं गळतात. माझ्याही शाळेत फी नव्हती, पण घरी गणवेशाला पैसे नव्हते. मुलगी मुस्लिम घरातली असेल तर मात्र संस्थेला सरळ विचारा की प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का. संस्थासंस्थांत फरक आहे. कंपॅशन स्थानिक चर्चमार्फतच काम करते आणि बायबलचे धडे त्यांच्या कार्यक्रमाचा उघड भाग आहेत. वर्ल्ड व्हिजन ही दुसरी ख्रिस्ती संस्था तुमचे पैसे एकट्या मुलाच्या हातात देत नाही, त्या भागातलं पाणी, आरोग्य, शाळा अशा कामांत एकत्र वापरते. तुमच्या कार्डावर कुणाचं नाव आहे ते लिहिलं असतंत तर नेमकं सांगता आलं असतं.

पैशांपेक्षा महत्त्वाची आहेत पत्रं. पुष्कळ स्पॉन्सर पैसे सुरू करतात आणि कधीच लिहीत नाहीत. आमच्या केंद्रात पत्रं आली की नावं पुकारायचे, आणि काही मुलांचं नाव वर्षानुवर्षं पुकारलंच गेलं नाही. ती मुलं त्या दिवशी दाराशी चपलांजवळ उभी राहायची. मला स्पॉन्सर करणाऱ्या मॅडम अमेरिकेतल्या आयोवाच्या, वयस्कर. मक्याच्या शेतात उभं राहून काढलेला त्यांचा फोटो मी दप्तरात ठेवायचे. पत्र इंग्रजीत यायचं आणि केंद्रातले सर त्याच्या ओळींमध्ये शिसपेन्सिलीने मराठी लिहून द्यायचे. आपलं उत्तर मराठीत, त्याखाली त्यांचं इंग्रजी. पत्ता लिहायचा नाही, काही मागायचं नाही, हे आधीच बजावलेलं.

एकदा मॅडमनी विचारलं, तुझी बहीण काय करते? मी लिहिलं, ताई घरी विड्या वळते, तिला गणित आवडतं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, असं नको लिहूस, त्यांना वाटेल तू मागतेयस. मग दुसऱ्या कागदावर लिहिलं, ताई आईला मदत करते. तेच आयोवाला गेलं. सर वाईट नव्हते, त्यांना वरून तसंच सांगितलेलं असणार. पण मॅडमच्या पुढच्या पत्रात होतं की किती गुणी बहीण आहे तुझी, आणि ते वाचून ताई काहीच बोलली नाही.

दोषही सांगते, नाहीतर म्हणाल एकच बाजू लिहिली. शिकागो ट्रिब्यूनच्या पत्रकारांनी स्वतः मुलं स्पॉन्सर करून 1998 मध्ये मोठी मालिका छापली होती. त्यात एका मुलीचा मृत्यू झाल्यावरही तिच्या नावाने पैसे घेतले जात असल्याचं निघालं. तेव्हा दरवर्षी नवा फोटो आणि शाळेचं प्रगतिपुस्तक मागा, आणि संस्थेचा ताळेबंद वाचा. माझा पेशाच तो आहे, अर्ध्या तासाचं काम असतं.

दुसरं, हा आधार एका सहीने बंद पडू शकतो. 2016 मध्ये आपल्या सरकारने धर्मांतरासाठी पैसा जातो असं म्हणत कंपॅशनच्या पैशांना पूर्वपरवानगी लावली. संस्थेने आरोप नाकारले, पण मार्च 2017 मध्ये त्यांना भारतातलं काम आवरावं लागलं. जवळपास दीड लाख मुलं, 500 हून जास्त केंद्रं. आरोप खरा की खोटा, त्याचा निकाल मी देत नाही. पण त्या मुलांचं पुढच्या जूनमध्ये काय होणार, हे बंद करणाऱ्यांनी सांगितलं नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी विचारलं नाही. वर्ल्ड व्हिजन इंडियाचा परदेशी देणग्यांचा परवानाही जानेवारी 2024 मध्ये रद्द झाला. तुम्हीसुद्धा मध्येच थांबणार असाल तर सुरूच करू नका. नोकरी जाईल, व्हिसाचं काही होईल, तरी ती मुलगी शाळा संपवेपर्यंत झेपेल का, हे आज बसून ठरवा.

आणि पहिल्याच पत्रात विचारा, तुला मोठी बहीण आहे का, ती शाळेत जाते का. उत्तर गुळगुळीत आलं तर संस्थेच्या ऑफिसला ईमेल करून पुन्हा विचारा. कंपॅशनसारख्या संस्थांमध्ये महिन्याच्या रकमेखेरीज कुटुंबासाठी वेगळी भेट पाठवता येते. ती पाठवताना पैसे मोठ्या मुलीच्या शाळेसाठी किंवा कामाच्या प्रशिक्षणासाठी आहेत असं स्पष्ट लिहा, आणि ते कशावर खर्च झाले ते लेखी मागा.