जुन्या मिनी-डीव्ही कॅमकॉर्डरमध्ये चित्रावर चौकोन येतात, आवाज तुटतो: काय करावे?

आधी दोष कॅमेऱ्यात की टेपमध्ये ते ठरवा. नव्या टेपवर एसपी (नेहमीच्या वेगाच्या) मोडमध्ये दोन मिनिटे रेकॉर्ड करून तिथेच चालवून बघा. चित्र स्वच्छ आले तर जुनी टेपच खराब, किंवा ती दुसऱ्या कॅमेऱ्यावर एलपीमध्ये (टेप हळू चालवून जास्त वेळ रेकॉर्ड करणाऱ्या मोडमध्ये) भरलेली. एलपीचा ट्रॅक, म्हणजे टेपवरची रेकॉर्डिंगची पट्टी, जेमतेम 6.7 मायक्रॉन रुंद (एसपीची 10), त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर तो बऱ्याचदा अडखळतो.

नव्या टेपवरही एकाआड एक आडवे पट्टे दिसले, तर टेप वाचणाऱ्या दोन हेडपैकी एक मळाने तुंबले आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट 10 सेकंद चालवा, रिवाइंड करू नका. ती खरखरीत असते, जास्त चालवली तर हेड झिजते. कापसाची काडी तर ड्रमला (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला) लावूच नका, तंतू अडकतात.